मॉर्फिनची चिठ्ठी लिहू शकणारा डॉक्टर वसई-विरारला द्या

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी

विषय : स्थानिक डॉक्टरांना कर्करोग व पॅलिएटिव्ह केअरचे आंतरशाखीय प्रशिक्षण देण्याबाबत (स्मरणपत्र)

महोदय,

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन रुग्ण अर्नाळा, आगाशी, नालासोपाऱ्याला परततात. पुढची काळजी इथल्याच डॉक्टरांनी घ्यायची असते आणि परवड तिथेच सुरू होते.

रात्री दोनला तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण कण्हू लागतो. गिळता येत नाही, म्हणून बायको गोळी दोन चमच्यांत चुरडून पाण्यात कालवते. निम्मे पाणी उशीवर सांडते. रिक्षा मिळवून दवाखाना गाठला की डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन मिळते आणि पहाटे दुखणे पुन्हा उसळते. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी द्यायची, सोबत पोट साफ होण्याचे औषध सुरू ठेवायचे, हे त्या डॉक्टरांना कुणी शिकवलेलेच नाही; दोष त्यांचा नाही. ‘सवय लागेल’ या धास्तीने चिठ्ठी लिहिली जात नाही, लिहिली तर दुकानात औषध नसते. २०१४च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिनच्या परवान्यांचा जाच कमी झाला, हे कार्यालयाला सांगायला नको. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्था आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतो. तो ‘पुढच्या महिन्यात’ मिळेल, असे आमच्याबरोबरच्या बैठकीत सांगितले होते. त्यानंतर अख्खा पावसाळा उलटला.

केमो घेतलेल्याला ताप आला तर केवळ पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाऊ लागली तर मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. रुग्णाला त्याच दिवशी हलवावे लागते. म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, फॅमिली डॉक्टर आणि परिचारिका यांना एकत्र बसवून शिकवावे. त्यासाठी कर्करोगतज्ज्ञाचे रिक्त पद भरले जाईपर्यंत थांबू नये.

शिकवणारे दूर नाहीत. टाटामध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा एमडी अभ्यासक्रम २०१२पासून आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६पासून शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्ण सांभाळते. दोन्हीकडे जायला विरार लोकल पुरते.

मागच्या निवेदनावर ‘प्रस्ताव वर पाठवला’ एवढे तोंडी उत्तर मिळाले. जावक क्रमांक मागितला, तो आजतागायत आलेला नाही. त्याआधीच्या निवेदनाची निदान पोच तरी मिळाली होती.

आठवड्यातून एकदा पॅलिएटिव्ह ओपीडी आणि घरी जाणारी परिचारिका, या मागण्याही कायम आहेत.

तरी प्रशिक्षणाची तारीख, निवडलेल्या डॉक्टरांची यादी आणि प्रस्तावाचा जावक क्रमांक लेखी कळवावा. आता तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही, याची नम्र नोंद घ्यावी.

आपले,
कर्करुग्णांचे नातेवाईक, वसई-विरार