दर कोणाचा, तारीख कोणती?



भुसावळच्या आपल्या वस्तीतला एक मुलगा पायथन शिकतोय. परदेशी शिक्षणाच्या खर्चाची स्क्रिप्ट त्याने लिहिली. डॉलर टाका, रुपये घ्या. मी विचारलं, यातला दर कुठला? म्हणाला, "दादा, नेटवर होता तो टाकला. दर तर दरच असतो ना!"

नाही. हाच भ्रम बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मोडून काढला. १८९३ ला ब्रिटिश सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या, पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधला. विसाच्या दशकात ४ पेन्स की ६ पेन्स हा वाद पेटला. मुंबईच्या गिरणीमालकांना स्वस्त रुपया हवा होता. बाबासाहेबांचा सवाल साधा होता : रुपया स्वस्त झाल्यावर निर्यातदाराचा नफा येतो कुठून? भाव चढतात, मजुरी मागे राहते. म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातून येतो. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

आज काय वेगळं आहे? नेटवर दिसतो तो मधला दर. बँकेचा खरेदीचा दर वेगळा, विक्रीचा वेगळा. आपलं पोरगं डॉलर विकत घेतं, म्हणून त्याला विक्रीचा, म्हणजे महाग दर लागतो. वर शुल्क आणि जीएसटी. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अमेरिकेसाठी वर्षाचा निर्वाहभत्ता १५,४०० डॉलर धरलेला आहे. तेवढ्या रकमेवर दरात एक रुपयाचा फरक म्हणजे १५,४०० रुपये! ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हा फरक जाणवत नाही. आपल्याकडे तो आईच्या बचत गटाच्या कर्जातून भरला जातो.

म्हणून स्क्रिप्ट पुन्हा लिहायला लावली. दर कोडमध्ये कोरायचा नाही, फाइलमधून घ्यायचा. प्रत्येक दरासोबत तारीख, स्रोत आणि खरेदी की विक्री हे लिहायचं. सुट्टीच्या दिवशी दर नसेल तर आधीच्या कामाच्या दिवसाचा घ्यायचा आणि तसं स्पष्ट दाखवायचं. दर मिळालाच नाही तर गप्प बसून शून्य धरायचं नाही, थांबायचं.

"हे कॉम्प्युटरचं काम, चळवळीचं नाही," असं काही कार्यकर्ते म्हणतात. मग रुपयावर प्रबंध लिहिणारा आपला बाप काय चळवळीबाहेर होता? जयंतीला ग्रंथाची मिरवणूक काढतो, तो उघडतो किती जण?

कोड तटस्थ नसतो. दर निवडणारा माणूस बाजू निवडतो. आपल्या पोरांनी ती डोळे उघडे ठेवून निवडावी.