खिशातलं शेवटचं नाणं

दिवाळीच्या सुट्टीत मास्तरानं काय करावं? उत्तरपत्रिका तपासाव्यात, तपासता तपासता चकलीचा डबा रिकामा करावा आणि वर्षभर वर्गात आपण काय काय ठोकून दिलं, याचा मनाशी हिशेब मांडावा. यंदा माझ्या हिशेबात एक गोष्ट येणे निघाली.

मी शिकवतो मराठी; पण निबंधाच्या तासाला 'जिद्द' हा विषय निघाला की वेल्समधल्या लँडिनम गावचा डेव्हिड डेव्हिस माझ्या मदतीला ठरलेलाच. जन्म १८१८चा. नऊ भावंडांत थोरला. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि बापाबरोबर ओंडके चिरायला उभा राहिला. तिथल्या रिवाजाप्रमाणे एकजण खड्ड्याच्या वर उभा राहून करवत ओढी, दुसरा खाली खड्ड्यात. डेव्हिसला पुढं आयुष्यभर लोक 'टॉप सॉयर', म्हणजे वरचा करवतवाला, म्हणूनच ओळखत.

पुढं तो रेल्वेचा कंत्राटदार झाला. टॅलर्डिगला त्यानं डोंगर सुमारे १२० फूट खोल चिरला. त्या काळी रेल्वेसाठी इतकी खोल खिंड जगात दुसरी नव्हती. १८६४ साली त्यानं ऱ्होंडा खोऱ्यात कोळशासाठी जमीन पट्ट्यानं घेतली. खाणी खोल जात राहिल्या, पैसा आटत गेला आणि कोळसा काही दिसेना. अखेर त्यानं मजुरांना गोळा करून सांगितलं, की आता यापुढं मजुरी द्यायला माझ्याजवळ काही नाही. खिशात अडीच शिलिंगांचं एक नाणं तेवढं उरलंय. गर्दीतून कुणी ओरडला, 'मग तेही आम्हीच घेऊ!' डेव्हिसनं ते नाणं काढून गर्दीत भिरकावलं. मजूर विरघळले, आणखी आठवडाभर बिनमजुरीनं खणू म्हणाले. त्या आठवड्याच्या अखेरीस कोळसा लागला, असं सांगतात. साल १८६६.

इथवर आलो की मी खडू खाली ठेवतो आणि वर्ग गप्प होतो. यंदा मात्र मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, कोळसा लागला नसता तर? शेठजींचं एक नाणं गेलं असतं. मजुरांच्या घरी आठवडाभर चूल पेटली नसती."

घंटा झाली, म्हणून मी वाचलो.

घरी येऊन पुस्तकं उघडली. डेव्हिसचा एक जुना भागीदार होता, थॉमस सॅव्हिन. तोही धाडसी, तोही रेल्वे बांधणारा. ज्या १८६६ साली डेव्हिसला कोळसा लागला, त्याच साली सॅव्हिनचं दिवाळं वाजलं. ॲबरिस्टविथला समुद्रकाठी तो भलंमोठं हॉटेल बांधत होता. ते अर्धवट पडलं, दहा हजार पौंडांना विकलं गेलं आणि १८७२ साली तिथं वेल्सचं कॉलेज सुरू झालं. त्या कॉलेजला हातभार लावणाऱ्यांत डेव्हिस होता! जिद्द दोघांची, पुतळा मात्र एकाचा.

कार्डिफच्या गोदीत खोळंबा होतो, म्हणून डेव्हिसनं पुढाकार घेऊन बॅरीला नवी गोदी उभारली. ती १८८९ साली उघडली. पुढच्याच वर्षी तो वारला. १९१३ साली त्या गोदीतून १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर गेला. वेल्सचा कोळसा त्या काळी आपल्या मुंबई बंदरातही उतरत असे. डेव्हिसच्या दोन नातींनी त्याच संपत्तीतून मोने, रन्वार, सेझान यांची चित्रं जमवली आणि ती देशाच्या संग्रहालयाला देऊन टाकली. ऱ्होंडातली शेवटची खाण १९९० साली बंद झाली. चित्रं भिंतीवर आहेत.

डेव्हिस भला माणूस होता, यात मला शंका नाही. दारूला न शिवणारा, रविवार पाळणारा, हात सढळ असलेला. पण करवत दोघे ओढतात, भुसा मात्र खालच्याच्या डोळ्यांत जातो, हे मी इतकी वर्षं सांगायचं विसरलो होतो. नाणं फेकणाऱ्याचं नाव मला पाठ. आठवडाभर फुकट खणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव गोष्टीत येत नाही.

सुट्टी संपली की गोष्ट पुन्हा सांगणार आहे. फक्त यावेळी निबंधाचा विषय 'जिद्द' नसेल, 'उधारी' असेल. आणि पहिला निबंध मागच्या बाकावरून मागवीन.