करडईची फुले आणि भरपगारी रजा

वास्तवाकडे पाठ फिरविणारी करमणूक म्हणजे पलायनवाद, असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. जपानी ॲनिमेपटांच्या नादी लागलेल्या विद्यार्थ्यांविषयी प्राध्यापकांच्या खोलीत हाच सूर ऐकू येतो. इसाओ ताकाहाता यांचा १९९१ सालचा 'ओमोइदे पोरोपोरो' मात्र हा शिक्का सहजासहजी मारू देत नाही. त्यात राक्षस नाही, युद्ध नाही. १९८२ सालच्या टोकियोतील २७ वर्षांची एक अविवाहित कर्मचारी रजा घेऊन यामागाता प्रांतातील खेड्यात जाते आणि फुले खुडते. कथानक जवळजवळ एवढेच.

ती फुले करडईची! मराठवाड्यात करडई म्हणजे तेल. तिकडे तिच्या पाकळ्यांतून तांबडा रंग काढतात. (कुसुंबी हा शब्द आपणही अजून विसरलेलो नाही.) दंवाने काटे मऊ असतात तोवर, भल्या पहाटे खुडणी उरकावी लागते; आपल्याकडे करडईची काढणी सकाळी करतात तीही याच कारणाने. पूर्वी ज्या मुलींची बोटे त्या काट्यांनी रक्ताळत, त्यांच्या ओठांना तो रंग कधी लागत नसे, हेही चित्रपट सांगतो. पैठणी विणणाऱ्याच्या घरात पैठणी कितीदा नेसली जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

तेव्हा हे पलायन श्रमापासून नव्हे. नायिका शेतात राबतेच. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अडते ते निराळ्याच ठिकाणी. ही सारी सुटका रजेवर उभी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा देऊ केली होती. परंतु कंत्राट मध्येच तुटले तर हे दिवस भरावयाचे कसे? तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचा तर तास बुडाला की मानधन बुडाले! रात्रपाळी करून वर्गात आलेला एखादा मुलगा मधल्या सुटीत मोबाइलवर जपानी खेड्यातला पाऊस पाहत बसतो, तेव्हा त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. रजेच्या जागी त्याला तेवढेच परवडते.

विद्यार्थ्यांच्या अभिरुचीवर परिसंवाद भरविणाऱ्यांनी आधी आपापल्या संस्थेतील हंगामी नोकरांच्या रजेचा तक्ता मागवून पाहावा.