दारावरची चौकशी

हातकणंगले तालुक्यातील ऊस-उत्पादक शेतकरी, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार आणि हुपरीचा चांदी कारागीर यांचा शासनाशी येणारा संबंध आता बहुतांशी पडद्यावरून येतो. सात-बाराचा उतारा, शिष्यवृत्ती, अनुदान यांसाठी जावयाचे ते संकेतस्थळावर. तलाठ्याच्या दप्तरापुढे तिष्ठत राहण्याची पाळी त्यामुळे काही अंशी टळली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या नव्या दारावरही एक द्वारपाल उभा आहे.

संकेतस्थळ उघडताना ब्राउझर स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ सर्व्हरकडे पाठवतो. तिला ‘यूजर एजंट’ म्हणतात. ब्राउझर कोणता, आवृत्ती कोणती, यंत्र कोणते, हे तीत असते. ती वाचून सर्व्हर पान हलके द्यावे की भारी हे ठरवतो; कित्येकदा पान मुळात द्यावे की नाही, हेही.

या ओळीचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. १९९४ मध्ये आलेला नेटस्केप आपले नाव ‘मोझिला’ सांगत असे आणि चांगली पाने त्या नावालाच मिळत. १९९५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही मग ‘मोझिला’ म्हणूनच नाव लावले. २००८ च्या क्रोमने तर मोझिला आणि सफारी अशी दोन्ही नावे धारण केली. दारावर नाव पाहूनच आत घेत असतील, तर येणारा खोटे नाव सांगणारच! पुढे याच मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरवाचून आपल्याकडील अनेक शासकीय संकेतस्थळे चालेनाशी झाली. सार्वजनिक सेवेची किल्ली एका परदेशी कंपनीच्या हाती गेली. त्या कंपनीने १५ जून २०२२ रोजी तो ब्राउझर निवृत्त केला, तेव्हा ती किल्लीही निकामी झाली.

याच तालुक्यातील माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी राजर्षी शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांच्या उपस्थितीत परिषद झाली. यंत्राच्या नावावरून होणारा भेद अस्पृश्यतेच्या पंक्तीला बसवणे हा त्या लढ्याचा अवमान ठरेल. तथापि आलेल्याला काय करता येते हे न विचारता त्याचे नाव विचारण्याची खोड कोठून येते, हे या मातीतील कार्यकर्त्यास निराळे सांगावयास नको.

बाजाराने तर या ओळखीतून नफ्याचा मार्ग काढला. ऑर्बिट्झ ही अमेरिकन प्रवास कंपनी ॲपलच्या संगणकावरून येणाऱ्यांना महागडी हॉटेले आधी दाखवते, हे २०१२ मध्ये उघड झाले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला व उबर यांना फोनच्या प्रकारानुसार भाडे बदलते काय, अशी विचारणा केली. दोघांनीही इन्कार केला. आपला फोन आपली ऐपत सांगतो, ही धास्ती मात्र ग्राहकाच्या मनातून गेलेली नाही.

लहान पडद्याला हलके पान हवे, हा तांत्रिक युक्तिवाद खरा आहे. पण त्यासाठी फोनचे नाव कशाला हवे? पडद्याची रुंदी आणि ब्राउझरची क्षमता तपासून पान जुळवून घेण्याची रीत दशकभराहून जुनी आहे. शिवाय २०२३ पासून क्रोम अँड्रॉइड फोनचे खरे नाव सांगतच नाही. सर्वांच्या जागी ‘के’ हे एकच अक्षर पाठवतो. शासकीय संकेतस्थळे विविध ब्राउझरांवर चालावीत, असे केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे.

ई-पीक पाहणीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या योजनेत पिकाची नोंद शेतकऱ्याने स्मार्टफोनवरून स्वतः करावयाची असते. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ शकते, ही सवलत म्हणून सांगितली जाते. तिचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की बटणाचा फोन बाळगणाऱ्या अल्पभूधारकाने बांधावरच्या शेजाऱ्याची मनधरणी करावी. तलाठ्याची जागा शेजाऱ्याने घेतली!

पक्षाच्या तालुका शाखांनी गावातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना फोन हाती घेऊन शासनाची संकेतस्थळे उघडून पाहावीत. जे पान उघडत नाही त्याची नोंद तारखेसह तहसील कचेरीत द्यावी, आणि ते दुरुस्त होईतो तोच अर्ज कागदावर स्वीकारण्याची लेखी मागणी करावी.