फियाटच्या स्प्रिंगवर करवत नको



जुन्या फियाटच्या पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा घरीच कापून गाडी ‘खाली बसवावी’, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला घातक आहे. वेढा कमी झाला की स्प्रिंग उलट ताठ होते. त्यात गॅस-कटरची आच लागली तर पोलादाचं पाणीच उतरतं. पुढचं काम पुण्याचे गतिरोधक करतात! दाबलेली स्प्रिंग निसटली तर बोटं जाऊ शकतात, याबद्दल मात्र पत्रात अवाक्षर नाही. त्यापेक्षा झिजलेले किंगपिन, बुश आणि शॉकअप बदला, ग्रीस भरा, अलाइनमेंट करून घ्या. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती मूळ स्वरूप राखलं तरच. कुणी करवत उचलली असेल, तर कृपया खाली ठेवावी.

— एक फियाटमालक, सदाशिव पेठ, पुणे