जास्त मतं, पण पसंती कुणाची?

समजा तुमच्या वर्गात ३० मुलं आहेत. खेळाच्या तासाला काय खेळायचं? बाई म्हणाल्या, "हात वर करा!" क्रिकेटला १२ हात, खो-खोला १०, लंगडीला ८. झालं, क्रिकेट जिंकलं! पण मैदानावर बघावं तर १८ चेहरे हिरमुसलेले. क्रिकेट त्यांना सगळ्यांत शेवटी हवं होतं, पण ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं!

संगणकावरच्या खेळांतही अस्संच होतं, बरं का. 'माइनक्राफ्ट' तुमच्यापैकी कितीतरी जण खेळत असतील. खेळात नवा प्राणी कोणता आणायचा, हे २०२३ साली खेळणाऱ्यांनाच विचारलं होतं. खेकडा, पेंग्विन की आर्माडिलो? प्रत्येकाला मत एकच. आर्माडिलो जिंकला, पण त्याला निम्मीसुद्धा मतं नव्हती. बाकीच्यांची दुसरी पसंती कोणती होती? ते कळायला मार्गच नव्हता.

मग करायचं काय? जाँ-शार्ल द बोर्दा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७७० साली एक युक्ती मांडली होती. एकच नाव लिहू नका, सगळी नावं आवडीच्या क्रमाने लिहा. आपल्या वर्गात करून बघू. पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला शून्य. क्रिकेटवाल्यांची आणि लंगडीवाल्यांची दुसरी पसंती खो-खो आहे. खो-खोवाल्यांची दुसरी पसंती लंगडी. आता बेरीज करा. क्रिकेट २४, लंगडी २६ आणि खो-खो ४०! खो-खो कुणालाच शेवटी नको होता. म्हणजे आता कुणीच हिरमुसणार नाही.

पण एक धोका आहे हं! समजा, क्रिकेटवाल्यांनी खो-खोला पाडायचं म्हणून मुद्दाम त्याला शेवटी लिहिलं आणि लंगडीला दुसरं. मग लंगडीला ३८, खो-खोला २८ आणि क्रिकेटला तेच २४. जिंकली लंगडी, जी त्यांना सगळ्यांत नकोशी होती! लबाडी अशी अंगाशी येते. म्हणून चिठ्ठी गुपचूप लिहा, पण खरी लिहा.

आणि हरलेली सूचना? ती लगेच फाडून टाकू नका. 'माइनक्राफ्ट'मध्ये तांब्याचा गोलेम नावाचा छोटा यंत्रपुतळा २०२१च्या मतदानात हरला होता. पुढे २०२४ साली ते मतदानच बंद झालं, आणि २०२५ साली हा पुतळा खेळात आलाच! हरलेल्या सूचनांचीही एक वही ठेवावी, ती अशी कामाला येते.

रविवारी घरी करून बघा. संध्याकाळी काय करायचं, याचे तीन बेत ठरवा आणि आई, बाबा, आजी, सगळ्यांकडून क्रम लिहून घ्या. आधी नुसती पहिली पसंती मोजा, मग गुण मोजा. दोन्हीकडे तोच बेत जिंकला का? नसेल जिंकला, तर घरातल्या कुणाचं म्हणणं आजवर ऐकलंच जात नव्हतं, ते शोधून काढा!