रेल्वेवेड्यांची दिवाळी

जयगडला किल्ला, बंदर, दीपस्तंभ सारे आहे. आगगाडीसाठी मात्र रत्नागिरीची वाट धरावी लागते. अशा गावातल्या रेल्वेवेड्याला दिवाळीची भेट काय द्यावी? खेळण्यातले इंजिन पोरांना पुरते. जाणत्याला हवे असते पुस्तक, आणि तेही मराठीत: करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कसा खोदला, पानवलचा ६४ मीटर उंच पूल कसा उभा राहिला, दरडी कोसळल्या तेव्हा मजुरांचे काय झाले. कोकण रेल्वे १९९८ साली राष्ट्रार्पण झाली. आपल्या ललित गद्यात ती अजून बहुधा खिडकीतली हिरवाई आणि गणपतीतली गर्दी एवढीच उरते. ‘तांत्रिक’ म्हणून हा विषय टाळणे मला निव्वळ आळस वाटतो. एखाद्या दिवाळी अंकाने तो अभियंत्यांकडून, ट्रॅकमनकडून लिहवून घ्यावा.